पेन्शनचे सहा आकडे

मुरुडच्या बाजारपेठेत तासभर थांबलं तर म्हातारपणाचे चार वेगवेगळे भाव बघायला मिळतात. लातूर-बार्शी रस्त्यावरचं हे लातूर तालुक्यातलं मोठं गाव. इथं जुन्या पेन्शनीवर निघालेले गुरुजी आहेत, २००५ नंतर लागलेले आणि म्हणून आतापासूनच धास्तावलेले गुरुजी आहेत, एसटीतून किंवा साखर कारखान्यातून निवृत्त झालेले आहेत, आणि आयुष्यभर दुसऱ्याच्या रानात खुरपलेल्या, आता 'निराधारचा पगार' आला का म्हणून बँकेत चौकशी करणाऱ्या म्हाताऱ्या आहेत. काम सगळ्यांनीच केलं. म्हातारपण मात्र प्रत्येकाला वेगळ्या दरानं मिळालं.

पेन्शन सरकारनं द्यावी की बाजारावर सोपवावी, हा वाद वीस वर्षं चालू आहे. त्यात आकडे इतके मोठे फेकले जातात की ऐकणारा दबून जातो. म्हणून या वादातले सहा आकडे एकेक करून हातात घेऊन पाहू.

पहिला आकडा : १,१०,००० कोटी

डिसेंबर २०२२ मध्ये नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात तेव्हाचे उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी सांगितलं की जुनी पेन्शन, म्हणजे शेवटच्या पगाराच्या निम्म्या रकमेची हमी, पुन्हा लागू केली तर राज्यावर १ लाख १० हजार कोटींचा बोजा पडेल आणि राज्य दिवाळखोरीत जाईल.

हा आकडा केवढा? पाचशेच्या नोटांत मोजला तर २२० कोटी नोटा होतात. सेकंदाला एक या वेगानं, झोप आणि जेवण सोडून मोजत बसलं तर जवळपास ७० वर्षं लागतील. पाचशेची नोट १५० मिलिमीटर लांब असते. या नोटा एकापुढे एक लावल्या तर ओळ ३ लाख ३० हजार किलोमीटरची होईल. चंद्र आहे सुमारे ३ लाख ८४ हजार किलोमीटरवर.

आता हाच आकडा माणसागणिक वाटू. २०११ च्या जनगणनेत राज्याची लोकसंख्या ११ कोटी २४ लाख होती. त्या हिशोबानं माणशी साधारण ९,८०० रुपये येतात. साडेचोवीस लाख वस्तीच्या लातूर जिल्ह्याचा वाटा सुमारे २,४०० कोटींचा होतो. चंद्रापर्यंत पोचू पाहणारी रक्कम अशी माणसाच्या मापात येते. तरीही ती लहान नाही. शेतमजुराच्या पाच माणसांच्या घराला हा हिशोब ४९,००० रुपयांचा पडतो.

पण पेन्शनचा कुठलाही एकूण आकडा ऐकला की पहिला प्रश्न विचारावा : किती वर्षांचा? महाराष्ट्रात बहुतेक कर्मचारी ५८ व्या वर्षी निवृत्त होतात. २००५ च्या अखेरीस अठ्ठाविसाव्या वर्षी लागलेला शिक्षक २०३५ च्या सुमारास निवृत्त होईल आणि त्यानंतर वीस-पंचवीस वर्षं पेन्शन घेईल. म्हणजे हा भार एका सकाळी दारात येऊन पडणार नाही. तो २०३० नंतर चढत जाईल आणि पुढची कित्येक दशकं राहील. आजचा अर्थमंत्री त्यामुळे निश्चिंत राहू शकतो. आज शाळेत असलेल्या मुलांना मात्र तो भार उचलावा लागेल.

भार खराच आहे. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०२३ च्या अभ्यासानं मांडलं की सगळी राज्यं जुन्या पेन्शनकडे परतली तर खर्च तिच्या जागी आलेल्या नव्या योजनेच्या साडेचार पटींपर्यंत जाऊ शकतो, आणि २०६० पर्यंत वर्षाचा जादा भार देशाच्या सकल उत्पादनाच्या ०.९ टक्क्यापर्यंत पोचू शकतो. महाराष्ट्राच्या महसुलातला निम्म्याहून अधिक भाग आजच पगार, पेन्शन आणि व्याज या तीन गोष्टींत जातो. जुनी पेन्शन मागणाऱ्यांनी हे आकडे झटकून टाकू नयेत. जुन्या योजनेत पेन्शनसाठी वेगळा निधीच नव्हता. आजच्या करातून आजच्या निवृत्तांना पैसे दिले जात. तो कर मुरुडची शेतमजूर बाईसुद्धा भरते, साबणाच्या वडीवर आणि बिस्किटाच्या पुड्यावर.

दुसरा आकडा : १ दिवस

केंद्र सरकारनं १ जानेवारी २००४ पासून नव्या भरतीसाठी जुनी पेन्शन बंद केली. सैन्यदलांना मात्र त्यातून वगळलं. महाराष्ट्रानं तारीख ठरवली १ नोव्हेंबर २००५. तोवर शेवटच्या पगाराच्या निम्मी पेन्शन, तिच्यावर महागाई भत्ता आणि माघारी कुटुंबाला पेन्शन अशी हमी होती. त्या तारखेनंतर लागलेल्यांच्या पगारातून दहा टक्के कपात सुरू झाली, सरकारनंही तेवढंच घालायचं ठरलं. पुढे २०१९ पासून सरकारचा वाटा १४ टक्के झाला. किती भरायचं ते ठरलं, किती मिळणार ते ठरलं नाही.

३१ ऑक्टोबरला शाळेवर हजर झालेला गुरुजी एका जगात राहिला, दुसऱ्या दिवशी हजर झालेला दुसऱ्या जगात गेला. दोघांची पदवी एक, फळा एक, पोरंही तीच. ज्यांच्या पदांची जाहिरात आधी निघाली पण नेमणुकीचा कागद नंतर हाती पडला, त्यांचं दुखणं तर आणखी वेगळं होतं. अशा सुमारे २६,००० कर्मचाऱ्यांना जुन्या पेन्शनचा पर्याय द्यायचा निर्णय राज्य मंत्रिमंडळानं जानेवारी २०२४ मध्ये घेतला. म्हणजे प्रशासनाच्या उशिराची शिक्षा त्या माणसांनी अठरा वर्षं मनावर वागवली. विनाअनुदानित आणि अंशतः अनुदानित शाळांत २००५ पूर्वी लागलेले आणि नंतर पूर्ण अनुदानावर आलेले शिक्षकही याच तारखेशी झगडत आले आहेत.

तारखेच्या रेषेवर सर्वोच्च न्यायालय पूर्वी बोललेलं आहे. १७ डिसेंबर १९८२ रोजी डी. एस. नाकारा खटल्यात सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालच्या घटनापीठानं निकाल दिला. पेन्शन ही सरकारची मेहेरबानी नाही, केलेल्या सेवेतून आलेला तो हक्क आहे, आणि एकाच वर्गातल्या पेन्शनरांना निव्वळ तारखेची रेघ मारून वेगळं करता येत नाही, असं त्या निकालानं सांगितलं. तो प्रश्न आधीच पेन्शनवर असलेल्यांचा होता, नव्या भरतीचा नव्हता. पण त्यामागचा विचार आजही तितकाच टोकदार आहे. १७ डिसेंबर हा म्हणूनच पेन्शनर दिन म्हणून पाळला जातो.

१४ मार्च २०२३ ला 'एकच मिशन, जुनी पेन्शन' म्हणत राज्यातले सुमारे १७ लाख सरकारी, निमसरकारी कर्मचारी आणि शिक्षक संपावर गेले. संप २० मार्चला मिटला. सात दिवस शाळा, कचेऱ्या आणि सरकारी दवाखाने अडखळले, आणि लोकांना हाल सोसावे लागले. लोकांच्या रागालाही कारण होतं, संपकऱ्यांच्या भीतीलाही.

तिसरा आकडा : १६ लाख

ही भीती कसली, ते एका उदाहरणानं मांडतो. उदाहरण माझं आहे, पगार आणि दर मी धरलेले आहेत, गणित कुणीही करून पाहावं.

एका शिक्षकाचा मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून पहिल्या वर्षी दरमहा ११,००० धरा. दरवर्षी सहा टक्क्यांनी वाढत तिसाव्या वर्षी तो ६०,००० च्या जवळ जातो. जुन्या पद्धतीनं त्याला ३०,००० पेन्शन बसेल आणि महागाईबरोबर ती वाढत राहील. महागाई वर्षाला पाच टक्के धरली आणि शिल्लक रकमेवर सात टक्के व्याज धरलं, तर पंचवीस वर्षं अशी वाढती पेन्शन पुरवायला निवृत्तीच्या दिवशी जवळपास ६८ लाख रुपये हाताशी हवेत.

नव्या पद्धतीत त्याचे दहा आणि सरकारचे चौदा असे पगाराचे २४ टक्के तीस वर्षं जमा होतात. त्यावर वर्षाला आठ टक्के मिळाले तर ६८ लाखांच्या आसपास जमतात. नऊ टक्के मिळाले तर ७९ लाख. आणि सहाच टक्के मिळाले तर ५१ लाख. म्हणजे १६ लाखांहून मोठा खड्डा.

या तिन्ही बाबतीत माणूस तोच आहे. त्यानं तेवढीच वर्षं शिकवलं आणि तेवढेच पैसे भरले. फरक फक्त बाजाराचा. सरकारी कर्मचाऱ्यांच्या राष्ट्रीय निवृत्तिवेतन खात्यांवर, म्हणजे याच नव्या पद्धतीच्या खात्यांवर, आजवर सरासरी नऊ टक्क्यांच्या आसपास परतावा मिळालेला आहे, आणि नेहमीच्या सरकारी योजनेत शेअर बाजारात रकमेचा मर्यादित भागच जातो. सगळा पैसा सट्ट्यावर लावला जातो हा समज म्हणूनच बरोबर नाही. पण मागची वीस वर्षं चांगली गेली म्हणून पुढची तीस तशीच जातील, असा शब्द कुठलाही फंड देत नाही. वाईट दशक ज्याच्या निवृत्तीच्या तोंडाशी येईल, त्यानं काय करायचं?

दुसरा खड्डा महागाईचा. जमा रकमेतली किमान ४० टक्के विमा कंपनीकडे देऊन त्यातून मासिक रक्कम घ्यावी लागते. ही रक्कम सहसा आयुष्यभर तेवढीच राहते. पाच टक्के महागाईनं आज १०० रुपयांना येणारा किराणा पंचवीस वर्षांनी ३३९ रुपयांना येईल. साठाव्या वर्षी पुरणारे पैसे पंच्याऐंशीव्या वर्षी, जेव्हा औषधं सगळ्यात जास्त लागतात, तेव्हा तिसऱ्या हिश्श्याहून कमी किमतीचे झालेले असतील.

तिसरा खड्डा उशिराचा. राज्याची सुरुवातीची अंशदायी योजना लंगडत चालली. पगारातून कपात झाली पण वर्षानुवर्षं हिशोबाची पावती मिळाली नाही, अशी तक्रार जिल्ह्याजिल्ह्यांतल्या शिक्षकांनी केली. चक्रवाढीत वेळ हाच पैसा असतो. नऊ टक्क्यांनी एक रुपया पंचवीस वर्षांत ८ रुपये ६२ पैसे होतो. तोच पाच वर्षं उशिरा जमा झाला तर ५ रुपये ६० पैसेच होतो.

खासगीकरणाचा खरा अर्थ या तीन खड्ड्यांत आहे. पूर्वी बाजार पडला, महागाई भडकली, किंवा माणूस अपेक्षेपेक्षा जास्त जगला, तर तो धोका सरकारचा असे, म्हणजे कोट्यवधी लोकांत वाटलेला. आता तो एकेकट्या माणसाच्या डोक्यावर आला. कोट्यवधींत वाटल्यावर जो धोका सोसता येतो, तोच एका घरावर टाकला तर घर मोडतं. हे अन्यायाचं आहे, असं मला ठामपणे वाटतं.

सरकारलाही अखेर ते मान्य करावं लागलं. २४ ऑगस्ट २०२४ ला केंद्रानं एकीकृत निवृत्तिवेतन योजना मंजूर केली. पंचवीस वर्षं सेवा झाल्यास शेवटच्या बारा महिन्यांच्या सरासरी मूळ पगाराच्या निम्मी पेन्शन, तिला महागाईची जोड, दहा वर्षांच्या सेवेला किमान १०,००० रुपये. कपात राहिली, निधी राहिला, पण हमी परत आली. दुसऱ्याच दिवशी महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळानं ती स्वीकारायचा निर्णय घेतला. असा निर्णय घेणारं हे पहिलं राज्य ठरलं.

चौथा आकडा : ५७ रुपये ५३ पैसे

आतापर्यंतचे आकडे १७ लाखांच्या वादाचे होते. राज्याच्या लोकसंख्येत हे दीड टक्का. त्यांच्या पायरीखाली काय आहे, ते दिवसाच्या हिशोबानं पाहू.

महाराष्ट्राच्या माजी आमदाराला एका मुदतीनंतर दरमहा किमान ५०,००० पेन्शन मिळते. दिवसाला सुमारे १,६६७ रुपये. वरच्या उदाहरणातल्या गुरुजींना जुन्या पद्धतीनं दिवसाला १,०००. एकीकृत योजनेची किमान पेन्शन दिवसाला ३३३. मग पायऱ्या एकदम खोल जातात.

एसटी, साखर कारखाने, सहकारी बँका, सूतगिरण्या इथले निवृत्त कामगार 'ईपीएस-९५' या कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेत येतात. मालकाकडून पेन्शन निधीत पगाराच्या ८.३३ टक्के जातात, पण त्यासाठी पगार १५,००० च्या वर धरला जात नाही. म्हणजे महिन्याला जास्तीत जास्त १,२५० रुपये. पेन्शनच्या सूत्रात पगार गुणिले सेवेची वर्षं भागिले ७०. या मर्यादेत पस्तीस वर्षं राबलं तर ७,५०० बसतात. किमान पेन्शन सप्टेंबर २०१४ पासून १,००० आहे. दिवसाला ३३ रुपये. देशात या योजनेचे ७५ लाखांहून अधिक पेन्शनर आहेत. पाच टक्के महागाई धरली तर २०१४ चे ते हजार रुपये २०२५ मध्ये ५८५ रुपयांच्या किमतीचे उरले. ही पेन्शन किमान ७,५०० आणि वर महागाई भत्ता अशी करावी, म्हणून बुलढाण्यातून उभं राहिलेलं आंदोलन कित्येक वर्षं चालू आहे. त्यातले कार्यकर्ते सत्तरी-पंच्याहत्तरीचे आहेत.

त्याहून खाली श्रावणबाळ आणि संजय गांधी निराधार योजना. महिन्याला ६०० चे २०१९ मध्ये १,००० झाले आणि २०२३ मध्ये १,५००. दिवसाला ५० रुपये. त्यात केंद्राचा वृद्धापकाळ योजनेतला वाटा साठ ते एकोणऐंशी वयाच्या माणसासाठी महिन्याला २०० रुपये. जवळपास दोन दशकं तो हललेला नाही. दिवसाला ६ रुपये ६७ पैसे.

आणि हे ५० रुपये मिळवायला कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१,००० च्या आत असल्याचा दाखला लागतो. तीनशे पासष्टनं भागलं तर दिवसाला ५७ रुपये ५३ पैसे. एका माणसाचे नव्हे, अख्ख्या घराचे. मुरुडच्या कुठल्या घराची चूल यात पेटेल? सोयाबीन काढणीच्या एका दिवसाची मजुरीही दिवसाच्या या आकड्याहून जास्त असते. मग दाखला मिळवायला तलाठ्यापासून तहसिलीपर्यंत खेटे घालायचे, आणि खरं सांगितलं तर अर्ज बाद होणार हे माहीत असल्यानं खरं सांगायचं नाही. म्हाताऱ्या माणसाला हक्काच्या पैशासाठी खोटं बोलायला लावणारी अट सरकारनंच ठेवली आहे.

याच राज्यात जुलै २०२४ पासून लाडकी बहीण योजनेत दीड हजारच मिळतात, पण तिथं उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख आहे. म्हणजे जवळजवळ बारा पट. वयाची पासष्टी पूर्ण झाली की ती मदत थांबते, आणि बाई अडीच लाखांच्या दारातून एकवीस हजारांच्या दारात येते. हात थकल्यावर दार अरुंद होतं.

पाचवा आकडा : ३० पैकी १८

पेन्शन बाजारावर सोपवण्याचा प्रयोग आपण पहिल्यांदा करत नाही. दक्षिण अमेरिकेतल्या चिली देशानं १९८१ मध्ये, पिनोशे यांच्या लष्करी राजवटीत, सरकारी पेन्शन बंद करून ती खासगी फंडांकडे दिली. मंत्री होते होसे पिन्येरा. कामगाराच्या पगारातून दहा टक्के कापले जात, मालकाकडून काहीच नाही. सैन्य आणि पोलीस मात्र जुन्या योजनेत राहिले. ज्यांनी योजना आणली त्यांच्या बंदूकधाऱ्यांना तिच्यातून सूट होती.

चिलीच्या भांडवल बाजाराला याचा फायदा झाला. निधी प्रचंड वाढला. पण तुटक रोजगार करणारे, घरकाम करणाऱ्या बायका, मधली वर्षं घरी बसाव्या लागलेल्या आया यांच्या खात्यात म्हातारपणी फारच थोडं जमलं. २००८ मध्ये सरकारला करातून आधारपेन्शन द्यावी लागली. कोविडच्या काळात २०२०-२१ मध्ये तीनदा खात्यातून पैसे काढायची मुभा दिली, तेव्हा सुमारे ५० अब्ज डॉलर बाहेर गेले.

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २०१८ च्या अभ्यासानुसार १९८१ ते २०१४ दरम्यान ३० देशांनी पेन्शनचं पूर्ण किंवा अंशतः खासगीकरण केलं. त्यांपैकी १८ देशांनी २०१८ पर्यंत ते पूर्ण किंवा अंशतः मागे घेतलं. अर्जेंटिनानं २००८ मध्ये खासगी फंड सरकारजमा केले. आपल्याकडे राजस्थान, छत्तीसगड, झारखंड, पंजाब आणि हिमाचल प्रदेश यांनी २०२२-२३ मध्ये जुन्या पेन्शनकडे परतायचे निर्णय घेतले.

मात्र परत फिरणाऱ्या देशांच्या हिशोबातून आणखी एक गोष्ट दिसते. निधी सरकारच्या हातात आला की तो तुटीवर वापरायचा मोह होतो. म्हणून हमी सरकारची असावी आणि निधी मात्र वेगळा, मोजता येणारा, मोडता न येणारा असावा. नुसती जुनी पेन्शन हा या प्रश्नाचा शेवट नाही, आणि नुसता बाजार तर नाहीच.

सहावा आकडा : ४०,००० कोटी

२०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात साठीच्या वरची माणसं १ कोटी ११ लाख होती. समजा उत्पन्नाचा दाखला न मागता त्यांतल्या प्रत्येकाला महिन्याला ३,००० रुपये दिले. वर्षाचा खर्च होतो जवळपास ४०,००० कोटी. आज ही माणसं जास्त आहेत, ती दीड कोटी धरली तर ५४,००० कोटी.

२०२५-२६ चा राज्याचा अर्थसंकल्प ७ लाख २० कोटींचा होता. त्यात ४०,००० कोटी म्हणजे शंभरातले पावणेसहा रुपये. लाडकी बहीण योजना जाहीर करताना वर्षाला ४६,००० कोटी सांगितले होते, आणि राज्यानं ती उभी केली. तेव्हा पैसा नाही हे उत्तर पुरेसं नाही. आधीच पेन्शन असणाऱ्यांना यातून वगळलं, निराधार-श्रावणबाळवर आज होणारा खर्च वजा केला, तर नवा भार याहून बराच खाली येईल.

मला न्यायाची व्याख्या या सहा आकड्यांतून अशी दिसते. म्हातारपणाचा धोका कुणाही एकट्यावर टाकू नये. २००५ नंतरच्या शिक्षकावर आणि परिचारिकेवर तो टाकला, म्हणून त्यांचा लढा रास्त आहे. पण तोच धोका आधी कितीतरी वर्षं ऊसतोड कामगारावर, सालगड्यावर, शेतमजूर बाईवर टाकलेला होता आणि त्यांच्यासाठी कधी सात दिवस राज्य थांबलं नाही. त्यांच्याकडे बंद करायला कचेरीच नाही.

म्हणून संघटित कर्मचाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे. पुढच्या निवेदनात स्वतःच्या मागणीखाली तीन ओळी आणखी लिहा : २१,००० ची अट रद्द करा, निराधारच्या रकमेला महागाईची जोड द्या, ईपीएसची किमान रक्कम वाढवा. ज्या महागाई भत्त्यासाठी तुम्ही लढता तोच नियम ५० रुपयांनाही लागू होऊ द्या. आणि सरकारला विनंती ही की कोटींचा आकडा सांगताना तो किती वर्षांचा, किती माणसांचा आणि न दिल्यास तो कुणाच्या अंगावर पडणार, हेही सोबत सांगा. कारण पेन्शनचा खर्च नाकारला म्हणून तो नाहीसा होत नाही. तो म्हाताऱ्या माणसाच्या औषधातून, जेवणातून आणि त्याच्या मुलांच्या कर्जातून वसूल होतो. त्याची बेरीज मात्र कुठल्याही अर्थसंकल्पात छापली जात नाही.